पुलाखालचं पाणी आणि कोयनेचा विसर्ग : काल्पनिक बेसबॉल संघाचे पहिले चाळीस सामने कसे काढावेत

सांगलीत पावसाळ्यात दोन प्रश्न ठरलेले. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे, हा पहिला. कोयनेतनं किती सोडलंय, हा दुसरा. पहिला सगळेच विचारतात. २००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी घरात घेतला, ते दुसरा आधी विचारतात. आमचे आण्णा त्यांतले. मी मोबाइलवर पातळी वाचून दाखवली की म्हणायचे, "पुलाखालचं पाणी म्हणजे मागं सुटलेलं पाणी. आज वरनं काय येतंय ते बघ."

पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. पण त्या आकड्याला स्वतःचं काही कारण नसतं. कारण वर असतं. पाटणच्या डोंगरात पाऊस किती, कोयनेचे दरवाजे किती उघडले, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत किती मिसळलं, खाली हरिपूरला वारणा काय घेऊन येते आहे. पातळी या सगळ्याचा उशिरा आलेला निकाल.

संगणकावर काल्पनिक बेसबॉल संघ चालवताना हंगामाच्या सुरुवातीला नवा माणूस फक्त पुलाखालची पातळी बघतो, म्हणजे जिंकले किती आणि हरले किती. तेवढ्यावर घाबरतो किंवा हुरळतो आणि न परतवता येणारे निर्णय घेऊन बसतो. मी पहिल्या हंगामात तेच केलं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

खेळ काय आहे

आम्ही आठ मित्र 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' खेळतो. तिघे सांगलीचे, दोघे मिरजेचे, एक तासगावचा, एक कराडचा आणि एक नोकरीसाठी पुण्यात. सगळे क्रिकेटवर वाढलेले. लीग काल्पनिक, खेळाडू संगणकाने तयार केलेले, नियम मात्र अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे. माझ्या संघाचं नाव कृष्णाकाठ. दर रविवारी रात्री ९ वाजता लीगचा कारभारी खेळ एक आठवडा पुढे सरकवतो, सहा-सात सामन्यांचे निकाल एकदम लागतात आणि पुढचा रविवार येईपर्यंत काय बदलायचं ते आपण ठरवायचं.

बॅट आपल्या हातात नसते. आपण ठरवतो ते एवढंच, की कोण खेळणार, कोणत्या क्रमाने, कुठल्या जागी, कोणाला विश्रांती, कोणाला खालच्या लीगमध्ये पाठवायचं आणि कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यायचं. बाकीचं काम खेळाडूंचे गुण आणि संगणकाच्या आतले फासे करतात.

क्रिकेटच्या माणसाने बेसबॉलचं एक अंग आधी पक्कं करावं. पिचरने चेंडू टाकला की तीन निकाल असे आहेत ज्यात क्षेत्ररक्षकांचा जवळजवळ संबंध नाही : स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या चेंडूंवर) बॅटर बाद, वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकट पहिला बेस (बेस म्हणजे थांबा, चारही फिरून आला की एक रन), आणि होमरन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेला फटका. उरलेले चेंडू मैदानात पडतात. ते फील्डरच्या हातात जातील की फटीतून निघतील, यात कौशल्य असतं आणि दैवही भरपूर असतं. हे तीन निकाल म्हणजे आपला कोयनेचा विसर्ग.

दुसरी सवय सरासरीची. इथे सरासरी म्हणजे प्रयत्नांमागे किती हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके. .३०० सरासरीचा बॅटर इथे उत्तम मानतात, म्हणजे दहा प्रयत्नांत तो सातदा अपयशी ठरतो. अशा खेळात चार दिवस हिट न मिळालेला बॅटर "फॉर्ममध्ये नाही" असं म्हणायला काही आधार नसतो.

दहा सामने म्हणजे किती

हंगाम १६२ सामन्यांचा. त्यातले १० सामने म्हणजे साधारण सहा टक्के. आयपीएलमध्ये संघ साखळीचे १४ सामने खेळतो. त्या हिशेबात बेसबॉलचे १० सामने म्हणजे आयपीएलचा एक पुरता सामनासुद्धा होत नाही. पहिला सामना हरल्यावर कर्णधार बदला म्हणणाऱ्याला आपण गप्प बसवतो. स्वतःच्या संघाच्या बाबतीत मात्र ३-७ (तीन जिंकले, सात हरले) झालं की हात शिवशिवतात.

एक प्रयोग खरंच करून बघा. नाणं २० वेळा उडवा आणि छापे मोजा. दहाच्या आसपास येतील, पण सात किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता साधारण आठात एक आहे. आमची लीग आठ संघांची. समजा आठही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत. तरी २० सामन्यांनंतर त्यातला एखादा ७-१३ वर रडत असणार आणि एखादा १३-७ वर बाकीच्यांना उपदेश करत असणार. हे कळल्यापासून माझी रविवारची झोप सुधारली.

पहिल्या सामन्याआधी

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली नोंद चालते, पण वहीत खाडाखोड दिसते आणि ती दिसायला हवी. पहिल्या पानावर हंगामाआधीचा अंदाज लिहा : संघ किती सामने जिंकेल, कोण किती चांगला आहे, कुठली जागा कच्ची आहे. एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, मन डळमळलं की हे पान उघडायचं. थंड डोक्याने केलेला अंदाज तीन आठवड्यांच्या निकालांपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

मग २६ जणांची यादी. त्यात जास्तीत जास्त १३ पिचर चालतात : पाच सुरुवात करणारे, बाकीचे आठ बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर येणारे. १३ बॅटर, त्यात दुसरा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसणारा विकेटकीपरसारखा माणूस, हवाच. बहुतेक नवखे इथेच थांबतात. तुमचा सहावा आणि सातवा सुरुवातीचा पिचर कोण, हे आत्ताच ठरवा आणि त्यांना खालच्या लीगमध्ये नियमित खेळवत ठेवा. पिचरचा खांदा आणि कोपर ही नाजूक मालमत्ता आहे. पाचही जण १६२ सामने टिकले, असं माझ्या लीगमध्ये अजून कोणाचं झालेलं नाही.

यादीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक गोष्ट तपासा, ती म्हणजे त्याला न विचारता खाली पाठवण्याची सवलत शिल्लक आहे का. खेळाडूच्या अशा सवलतीच्या तीन वर्षांचा कोटा असतो. तो संपला की खाली पाठवताना त्याला आधी सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं आणि कोणीही उचलून नेऊ शकतो. मी पहिल्या हंगामात आठव्या सामन्यानंतर बुलपेनमधल्या एका चांगल्या पिचरला "दोन आठवडे खाली जाऊन येऊ दे" म्हणून पाठवला. बुधवारी तो मिरजेच्या संघात होता. बदल्यात मला काहीच मिळालं नाही आणि वर्षभर तो माझ्याच बॅटरना बाद करत राहिला. यादीशेजारचा तो छोटा रकाना मी त्याआधी वाचलाच नव्हता.

पहिले वीस सामने : काय करायचं आणि काय नाही

दुखापती बघायच्या. बॅटरला दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकलं तर किमान १० दिवस बाहेर, पिचरला १५. मांडीचा स्नायू ओढलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) "खेळू शकतो" असं संगणक सांगेल, पण तो अर्ध्या ताकदीने खेळेल आणि दुखणं वाढवून घेईल. एप्रिलमध्ये १० दिवसांची किंमत फार कमी आहे. द्या त्याला सुटी.

थकवा बघायचा. सुरुवात करणाऱ्या पिचरला दोन सामन्यांच्या मध्ये चार दिवसांची विश्रांती लागते, आणि शंभरेक चेंडू झाले की त्याच्याकडून आणखी मागू नये. बुलपेनमधल्याला सलग तिसऱ्या दिवशी आणू नका. आणखी एक, खेळाच्या मांडणीत संगणकाला आपोआप यादी बदलायची मुभा आहे का, ते बघून घ्या. असेल तर बंद करा, नाहीतर तुम्ही बसवलेला माणूस खेळलेला दिसेल आणि तुम्ही खेळवलेला बाकावर.

वीस सामन्यांपर्यंत एवढंच. क्रम उलटसुलट करणं, अदलाबदल, कोणाला काढणं, नव्या पोराला वर आणणं, यातलं काही नाही. हात बांधून बसणं अवघड जातं हे मला माहीत आहे. आमचा तासगावचा मित्र द्राक्षबागेतला. तो म्हणतो, "लगा, औषध मारल्या मारल्या पानं उलटून बघायची नसतात." त्याचा संघ एप्रिलमध्ये कधीच बदलत नाही, आणि आमच्यात सलग दोन वर्षं पहिला तोच आहे.

एप्रिलच्या आकड्यांबद्दल अजून एक. आपल्याकडे एप्रिलमध्ये ऊन चाळिशीला टेकतं. डेट्रॉइट-शिकागोकडे तेव्हा अंगात जाकीट असतं. थंड हवा दाट असते, चेंडू कमी अंतर जातो, म्हणून तिकडे एप्रिलमध्ये रन कमी होतात. तुमच्या खेळात हवामान धरलं असेल, तर सगळ्यांच्या बॅटिंगचे आकडे आधी जरा पडलेले आणि पिचिंगचे सुधारलेले दिसतील. तुलना नेहमी लीगच्या चालू सरासरीशी करा, मागच्या वर्षीच्या आकड्याशी नको.

वर काय चाललंय ते कसं वाचायचं

आता मुख्य काम. वीस-पंचवीस सामने झाले की निवांत दोन तास काढा.

पहिला हिशेब रनांचा. संघाने किती केले, किती दिले? बिल जेम्स या अभ्यासकाने दाखवून दिलेलं गणित असं : केलेल्या रनांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज. जे उत्तर येईल, तेवढ्या प्रमाणात संघाने जिंकायला हवं होतं. या हंगामात २४ सामन्यांनंतर कृष्णाकाठ ९-१५ होता. केलेले रन १०४, दिलेले ९८. गणित करा, उत्तर ०.५३ येतं. २४ सामन्यांत पावणेतेरा विजय. म्हणजे माझा संघ बरा खेळत होता आणि जवळजवळ चार विजय कुठेतरी गळाले होते.

वर्ग करायचा कंटाळा असेल तर पेन्सिलचा हिशेब आहे. दहा रनांचा फरक म्हणजे साधारण एक विजय. निम्मे सामने १२, अधिक सहा रनांच्या फरकाचे ०.६. साडेबारा-तेरा. उत्तर तेच.

याउलट, तुम्ही १५-९ आहात आणि रनांचा फरक उणे १२ आहे, तर पातळी चांगली दिसत असली तरी वरून चांगलं काही येत नाहीये. त्या संघाच्या मालकाने माझ्यापेक्षा जास्त काळजी करावी.

दुसरा हिशेब एकेका बॅटरचा. सरासरी बाजूला ठेवा. शंभर वेळा बॅटिंगला आला तर किती स्ट्राइकआउट, किती वॉक, ते बघा. अलीकडच्या मोठ्या लीगमध्ये साधारण २२-२३ स्ट्राइकआउट आणि आठेक वॉक, असं प्रमाण आहे. मग मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी काढा : हिटमधून होमरन वजा करा, आणि त्याला अधिकृत प्रयत्नांतून (यात वॉक धरत नाहीत) स्ट्राइकआउट व होमरन वजा करून उरलेल्या आकड्याने भागा. लीगभर ही सरासरी .३०० च्या आसपास फिरते.

माझा फर्स्ट बेसचा माणूस ८० वेळा आला. आठ वॉक, ७२ प्रयत्नांत १३ हिट, सरासरी .१८१. लीगच्या पानावर लाल रंगात. पण स्ट्राइकआउट फक्त १४, होमरन दोन. मैदानातले चेंडू ५६, त्यावर हिट ११, म्हणजे .१९६. हा माणूस चेंडू नीट ओळखतो आहे, बॅटला लावतो आहे आणि ते फील्डरच्या अंगावर जात आहेत. मी त्याला जागेवरून हलवलं नाही.

शेजारी माझाच डावा आउटफिल्डर, म्हणजे डावीकडचा लांबचा फील्डर. ७५ वेळा आला, तीन वॉक, ७२ प्रयत्नांत २५ हिट, सरासरी .३४७. घरचे लोकसुद्धा त्याचं नाव ओळखायला लागले. पण स्ट्राइकआउट २१, म्हणजे शंभरात २८. होमरन दोन. मैदानातल्या ४९ चेंडूंवर २३ हिट, .४६९. असं कोणीही वर्षभर टिकवत नाही. आपल्याला विकायला काही हवं असेल तर ते हे, असं मी वहीत लिहिलं.

हा हिशेब करताना सगळे आकडे सारख्या वेगाने भरवशाचे होत नाहीत, हे ध्यानात ठेवा. स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर बोलायला लागतं, साठेक वेळा बॅटिंग झाली की त्यात अर्थ असतो. वॉकला त्याच्या दुप्पट लागतं. सरासरीला अख्खा हंगाम अपुरा पडतो. म्हणून एप्रिलमध्ये कोणाचे स्ट्राइकआउट अचानक वाढले असतील, तर तिथे मात्र थांबू नका. दुखणं लपलंय का, वय झालंय का, स्काउटने, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याने, दिलेला गुणांक उतरलाय का, लगेच बघा.

तिसरा हिशेब पिचरचा. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली होती. मागच्या हंगामात माझ्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरने सहा सामन्यांत ३२ इनिंग टाकल्या (इनिंग म्हणजे तीन बादचा डाव, सामन्यात नऊ) आणि २१ रन दिले. नऊ इनिंगमागे ५.९१ रन. मी वैतागलो आणि त्याला कराडच्या मित्राला देऊन टाकलं. त्याने त्या ३२ इनिंगमध्ये ३४ स्ट्राइकआउट घेतले होते, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू मिळून फक्त आठ, होमरन चार. हे मी बघितलंच नाही. फील्डर आणि दैव बाजूला ठेवून पिचरने नऊ इनिंगमागे किती रन द्यायला हवे होते, त्याचं गणित असं : होमरनला १३ ने गुणा, वॉकला ३ ने, बेरजेतून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि ३.१ च्या जवळपासचा लीगचा स्थिरांक मिळवा. ५२ अधिक २४ उणे ६८ म्हणजे ८. भागिले ३२, पाव. एकूण ३.३५. पुढचे पाच महिने तो तसाच खेळला, कराडसाठी.

पाचही पिचर एकदम वाईट दिसले तर

वरच्या हिशेबाला एक अपवाद आहे, आणि तो कळायला मला दोन हंगाम लागले. एका पिचरच्या मैदानातल्या चेंडूंवर फार हिट जात असतील तर दैव म्हणा आणि थांबा. पाचही जणांच्या बाबतीत तेच होत असेल, तर ते दैव नव्हे. तुमचे फील्डर बघा.

मी एका वर्षी सेकंड बेसच्या माणसाला शॉर्टस्टॉपवर उभा केला. बॅटिंग चांगली होती, जागा रिकामी होती. त्याच्या नावावर चुका फार नव्हत्या, म्हणून मी निर्धास्त. पण चूक नोंदवली जाते ती चेंडूपर्यंत पोहोचल्यावर. तो पोहोचतच नव्हता. तिसऱ्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून चेंडू सरळ निघायचे, हिट म्हणून पिचरच्या खात्यावर पडायचे, आणि मी पिचर बदलत बसलो होतो. चुकांचा आकडा बघून फील्डर ठरवू नका. त्याचा पल्ला बघा. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड आणि कॅचर या तीन जागी बॅटिंग थोडी कमी चालेल, पल्ला किंवा हात कमी नको.

पिचर कसले आहेत, तेही बघा. जमिनीवरून चेंडू काढणाऱ्याला इनफिल्ड (बेसजवळचे फील्डर) चांगलं लागतं, हवेत चेंडू जाऊ देणाऱ्याला आउटफिल्ड (लांबचे). आयर्विनची पातळी कधी कोयनेमुळे चढते, कधी वारणेमुळे, तसंच हे. दोन्हीकडचं पाणी मोजायला हवं.

चढती पातळी

नवख्याला हरण्याची भीती असते, पण जिंकण्याने जास्त नुकसान होतं. अमेरिकेतली खरी उदाहरणं सांगतो. १९८७ साली मिलवॉकी ब्रुअर्सने पहिले १३ सामने सलग जिंकले. मे महिन्यात सलग १२ हरले. हंगाम ९१-७१ ने संपला आणि गटात तिसरे आले. २०१९ ला सिअॅटल मरिनर्स १३-२ होते. शेवटी ६८-९४. त्याच २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स ५० सामन्यांनंतर १९-३१ होते, बुलपेन फुटलेलं, शॉर्टस्टॉप ट्रे टर्नरचं बोट पहिल्याच आठवड्यात मोडलेलं आणि तो दीड महिना बाहेर. तो परत आला, संघ ९३-६९ वर पोहोचला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर थांबणं म्हणजेच शहाणपण असा समज होईल. १९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्स पहिले सहा हरल्यावर त्यांनी व्यवस्थापक बदलला. नव्या माणसाच्या हाताखाली ते आणखी १५ हरले, एकूण सलग २१. हंगाम ५४-१०७. तो संघ खरोखरच कच्चा होता, माणूस बदलून विसर्ग बदलत नाही. आणि १९८४ चा डेट्रॉइट टायगर्स ३५-५ ने सुरू झाला तो खरोखरच तसा होता, १०४ जिंकून विजेता झाला.

म्हणून १०-२ असताना उद्याचे दोन होतकरू पोरगे देऊन तिशी उलटलेला मोठा बॅटर आणायचा मोह होतो, तेव्हा आधी रनांचा फरक काढा. हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत माल ठेवायचा आणि भावाची वाट बघायची. खालच्या लीगमधली तुमची वीस वर्षांची पोरं म्हणजे पेवातली हळद. बारा सामन्यांच्या आनंदात पेव फोडू नये.

बदल करायचेच तर कोणते आधी

जो बदल उद्या मागे घेता येतो तो आधी, जो घेता येत नाही तो शेवटी.

बॅटिंगचा क्रम बदलणं सगळ्यात स्वस्त. मनाला बरंही वाटतं. पण चांगल्या आणि बऱ्या क्रमात वर्षभरात एक-दोन विजयांपलीकडे फरक पडत नाही, त्यामुळे त्यावर रविवारची रात्र घालवू नका. डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या हाताचा राखीव माणूस खेळवणं, हे त्याहून उपयोगाचं.

खरा फरक बुलपेनमध्ये असतो. माझे ते गळालेले चार विजय मी शोधत गेलो. नऊ सामने मी एका रनाने हरलो होतो. त्यातल्या पाचांत सातव्या-आठव्या इनिंगला बरोबरी असताना संगणकाने माझा पाचव्या दर्जाचा पिचर आणला होता आणि सर्वांत चांगला माणूस शेवटच्या इनिंगची आघाडी राखायला म्हणून बसून राहिला होता. आघाडी आलीच नाही, तो चार-चार दिवस खेळलाच नाही. मी त्याची भूमिका बदलली : सातव्या इनिंगपासून पुढे, एका रनाची आघाडी किंवा बरोबरी, समोर त्यांचे तगडे बॅटर असतील तेव्हा. शेवटची इनिंग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला दिली. एकाही खेळाडूची खरेदी-विक्री न करता एवढं झालं. एका रनाच्या सामन्यांत दैव मोठं असतं हे खरं, पण आपला भाग आपण केलेला असावा.

यानंतर खालच्या लीगमधून माणूस वर आणणं. जो रोज खेळणार असेल त्यालाच आणा. होतकरू पोराला बाकावर बसवायला आणलं की त्याची वाढ खुंटते.

अदलाबदल सगळ्यात शेवटी.

अदलाबदल

मित्रांच्या लीगमध्ये समोर संगणक नसतो, माणूस असतो, आणि तोही रात्री दहाला पातळी बघून घाबरलेला असतो. एप्रिलअखेर मी दर आठवड्याला बाकीच्या सात संघांचे लाल रंगातले आकडे चाळतो. सरासरी पडलेली, पण स्ट्राइकआउट-वॉक जागच्या जागी, असा माणूस दिसला की विचारतो. कराडकराने माझ्या बाबतीत हेच केलं होतं, त्याने काही फसवलं नव्हतं.

यंदा तो .३४७ वाला आउटफिल्डर मिरजेच्या मित्राला हवा होता. त्याने फोन केला, "भावा, तुझा डावा देतोस काय? माझा तिसरा पिचर घे, पार ढेपाळलाय." मी आधी पिचरचे आकडे काढले, वॉक वाढलेले नव्हते, गुणांकही तसाच. होय म्हटलं. पण त्याला हेही सांगितलं, की तुझ्या पिचरचं मला चांगलं दिसतंय, नीट बघून घे. आठ जणांना वर्षानुवर्षं एकत्र खेळायचं असेल तर एवढं सांगावं. तरीही तो म्हणाला, दे.

रात्री हरल्या हरल्या अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवायचा नाही, असा माझा नियम आहे. वहीत लिहायचा, मंगळवारी वाचायचा.

चाळिसावा सामना

४० सामने म्हणजे हंगामाचा चौथा भाग. इथे पहिलं पान उघडा आणि अंदाजाशेजारी आत्ताचे आकडे मांडा : रनांचा फरक, संघाचे स्ट्राइकआउट आणि वॉक दोन्ही बाजूंनी, फील्डरचा पल्ला, दुखापतींतून कोण कधी परतणार.

रनांचा फरक शून्याच्या आसपास किंवा वर असेल आणि नोंद वाईट असेल, तर काही मोडू नका. फरक उणे पन्नासच्या पुढे गेला असेल, पिचर वॉक देत असतील, बॅटर चेंडू सोडून देत नसतील आणि दुखापतीतून परतणारं मोठं कोणी नसेल, तर पाणी वरूनच कमी येतंय. मग यंदा करार संपणारे खेळाडू विकायची यादी आत्ता करा, पण अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीपर्यंत भाव चढू द्या. आणि खालच्या पोरांना जूनपासून रोज खेळवा.

कृष्णाकाठ चाळिसाव्या सामन्याला १८-२२ होता, रनांचा फरक अधिक ११. मी काही मोडलं नाही. चौपन्नाव्या सामन्यानंतर आम्ही २७-२७ झालो. फर्स्ट बेसच्या माणसाची सरासरी .२४८ वर आली आहे. चौथ्या पिचरच्या कोपराला सूज आहे, पंधरा दिवस बाहेर. सहाव्या क्रमांकाचा पोरगा खालच्या लीगमध्ये बुधवारी खेळला, त्यामुळे सोमवारपासून तो तयार आहे. रविवारी नऊच्या आत त्याला यादीत टाकायचं, हे वहीत लिहून ठेवलं आहे.